चिकटणींमुळे आतडे अडल्यास शस्त्रक्रियेची वेळ कशी ठरवावी

पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला कळा येऊन हिरवट उलट्या होऊ लागल्या, पोट फुगले आणि शौच व गॅस दोन्ही बंद झाले, तर जुन्या चिकटणींमुळे (शस्त्रक्रियेनंतर पोटात तयार होणाऱ्या, आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटवून धरणाऱ्या पट्ट्यांमुळे) लहान आतडे अडल्याची शंका घ्यावी. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, तोंडाने काही देऊ नये आणि रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

अडलेल्या आतड्यावर सूर्य मावळू देऊ नये, अशी शल्यचिकित्सकांची जुनी शिकवण होती. आज आपल्याला ठाऊक आहे की चिकटणींमुळे झालेले बहुतेक अडथळे शस्त्रक्रियेविना सुटतात. मात्र त्या शिकवणीमागची भीती खरी आहे, कारण पिळात सापडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की ते काही तासांतच काळे पडू शकते. म्हणून पहिला प्रश्न रक्तपुरवठ्याचा असतो. किती दिवस थांबायचे, हा त्यानंतरचा.

त्यासाठी रुग्णाचे पोट, जांघा आणि जुने व्रण हाताने नीट तपासावेत, कारण जांघेत अडकलेला हर्निया नजरेतून सुटला तर पुढचे सगळे नियोजन चुकते. येऊन-जाऊन असणारी कळ सततच्या वेदनेत बदलणे, पोट दाबल्यावर कडक लागणे, ताप येणे, सलाईन पुरेसे देऊनही नाडी जलद राहणे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी किंवा लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात वाढणारा घटक) वाढणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. लॅक्टेट सामान्य आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. ते पुष्कळदा उशिरा वाढते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारे औषध) देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये आतड्याचा भाग दोन्ही टोकांनी बंद झालेला दिसला किंवा त्याच्या भिंतीत कॉन्ट्रास्ट नीट पोहोचला नसेल, तर तातडीने शस्त्रक्रिया करावी.

असे काहीही नसेल, तरच थांबावे. नाकातून राइल्स ट्यूब घालून जठर रिकामे करावे, शिरेतून पाणी व क्षार भरून काढावेत, विशेषतः पोटॅशियमकडे लक्ष द्यावे आणि लघवी मोजावी. उपचार कधी सुरू झाले ती वेळ केस पेपरवर ठळक लिहावी आणि शक्यतो एकाच अनुभवी डॉक्टरने दर काही तासांनी पोट पुन्हा तपासावे. ड्यूटी बदलताना हा धागा तुटतो, आणि माझ्या मते उशीर बहुधा तिथेच होतो.

जठर रिकामे झाल्यावर आणि शरीरातील पाणी भरून निघाल्यावर त्याच नळीतून गॅस्ट्रोग्राफिन, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारे द्रव औषध, देता येते. ते आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे आधी सलाईन न देता ते देणे, विशेषतः वृद्धांना, धोक्याचे ठरते. 24 तासांच्या आत एक्स-रेमध्ये ते मोठ्या आतड्यात पोहोचलेले दिसले, तर अडथळा बहुधा शस्त्रक्रियेविना सुटतो आणि पातळ आहार सुरू करता येतो. पोहोचले नाही, तर शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी.

स्थिर रुग्णात साधारण 72 तासांपर्यंत थांबणे सुरक्षित मानले जाते. ही कमाल मर्यादा आहे. मध्ये एकही धोक्याचे चिन्ह दिसले, तर घड्याळाकडे न पाहता निर्णय बदलावा. मर्यादा संपूनही नळीतून भरपूर हिरवट पाणी येत असेल आणि गॅस सरत नसेल, तर आणखी एक दिवस पाहू असे म्हणण्यात रुग्णाची ताकदच खर्च होते. वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत पोटाची लक्षणे फसवी असू शकतात, म्हणून त्यांच्या बाबतीत एवढी सवड घेऊ नये.

एक महत्त्वाचा अपवाद मात्र आहे. आधीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतडे अडले, तर त्या वेळच्या चिकटणी दाट आणि रक्ताळ असतात व त्या सोडवताना आतडे फाटू शकते. तेव्हा धोक्याची चिन्हे नसल्यास, शिरेतून पोषण देत अधिक काळ थांबणेच योग्य ठरते.

अडथळा शस्त्रक्रियेविना सुटला तरी तो पुन्हा होऊ शकतो, हे रुग्णाला घरी पाठवताना स्पष्ट सांगावे. सीटीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवून, पुन्हा उलट्या आणि कळा सुरू झाल्यास त्याच दिवशी घेऊन यावे.