एनसीव्ही-ईएमजी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

हातापायांना मुंग्या, जळजळ, लुळा पडलेला पंजा अशा तक्रारींत एनसीव्ही (नसेला करंट देऊन संदेशाचा वेग आणि जोर मोजणारी चाचणी) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची चाचणी) मागवली जाते आणि रिपोर्टमध्ये नॉर्मलच्या बाहेरचा एखादा आकडा दिसला की निदान चिकटतं. यातले बरेच आकडे आजाराने बिघडलेले नसतात. चाचणी कशी केली, यामुळे ते बिघडलेले असतात.

हात गार असताना चाचणी

एसीच्या खोलीत अर्धा तास बसवून ठेवलेल्या पेशंटचे हात गार पडतात. त्वचेचं तापमान हाताला ३२ आणि पायाला ३० अंशांच्या खाली असेल तर चाचणी सुरूच करू नका. तापमान दर अंशाने उतरलं की वेग साधारण दीड ते अडीच मीटर प्रति सेकंदाने कमी होतो आणि डिस्टल लेटन्सी (टोकाकडे करंट दिल्यापासून प्रतिसाद येईपर्यंतचा वेळ) ०.२ मिलिसेकंदांच्या आसपास लांबते. सौम्य कार्पल टनेलचं (मनगटात मिडियन नस दबण्याचं) खोटं निदान व्हायला एवढं पुरेसं आहे. खूण लक्षात ठेवा: थंडीने वेग घटतो, पण अ‍ॅम्प्लिट्यूड (म्हणजे वेव्हची उंची) उलट वाढते, सेन्सरी (संवेदना नेणाऱ्या तंतूंची) वेव्ह उंच आणि रुंद येते. सगळ्याच नर्व्हची लेटन्सी थोडी थोडी लांबलेली आणि अ‍ॅम्प्लिट्यूड ठणठणीत, असं दिसलं तर आधी पेशंटच्या हाताला हात लावून बघा. सूत्राने दुरुस्ती करत बसण्यापेक्षा कोमट पाण्यात हात बुडवून पुन्हा चाचणी करणं बरं. सूत्र निरोगी नसांवरून काढलेलं असतं, आजारी नस त्या हिशोबाने वागेलच असं नाही.

इजा झाल्यावर घाई

नस पूर्ण तुटली तरी तुटलेल्या जागेच्या खालचा भाग पहिले तीन-चार दिवस करंटला नीट प्रतिसाद देतो. मोटर अ‍ॅम्प्लिट्यूड (स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंची) आठवडाभरात संपते, सेन्सरीला दहा-अकरा दिवस लागतात. सुईच्या चाचणीत फिब्रिलेशन (नस तुटलेल्या स्नायूतंतूंची आपोआप होणारी विद्युत हालचाल) दिसायला दोन-तीन आठवडे, लांबच्या स्नायूंत त्याहून जास्तही. म्हणून तिसऱ्या दिवशीचा ‘डिस्टल नॉर्मल’ रिपोर्ट पाहून नस शाबूत आहे असं नातेवाइकांना सांगू नका. तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा. गिलाँ-बारेतही (प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो झपाट्याने वाढणारा आजार) पहिल्या आठवड्यात सगळं नॉर्मल दिसू शकतं. एफ-वेव्ह आणि एच-रिफ्लेक्स (नसेचा मणक्याजवळच्या मुळापर्यंतचा मार्ग तपासणारे भाग) न पाहता तो रिपोर्ट बंद करू नये.

खोटा कंडक्शन ब्लॉक

मनगटापाशी मोटर वेव्ह मोठी, कोपराखाली लहान. लगेच ब्लॉक (नसेत मधेच संदेश अडणं) लिहू नका. आधी करंट पुरेसा होता का ते तपासा: वेव्ह वाढायची थांबल्यावर आणखी २० ते २५ टक्के करंट वाढवून खात्री करायची असते. जाड हातात कोपरापाशी इथेच कसर राहते.

करंट पुरेसा असूनही उल्नरची (करंगळीच्या बाजूच्या नसेची) वेव्ह मनगट आणि कोपराखालची जागा यांच्या दरम्यान घसरत असेल तर मार्टिन-ग्रुबर जोड आठवा. यात मिडियनचे काही तंतू अग्रबाहूत उल्नरमध्ये शिरतात, आणि ही गोष्ट दुर्मीळ मुळीच नाही. करंगळीच्या स्नायूवरचं रेकॉर्डिंग तसंच ठेवून मिडियनला कोपरापाशी उत्तेजन द्या. तिथे वेव्ह आली आणि मनगटापाशी दिली तर आली नाही, म्हणजे जोड आहे, ब्लॉक नाही. याच पेशंटला कार्पल टनेल असेल तर कोपराच्या मिडियन वेव्हच्या सुरुवातीला खाली जाणारा छोटा खड्डा दिसतो आणि अग्रबाहूतला वेग न पटण्याइतका जास्त निघतो.

उल्नर कोपरातून तपासताना कोपर ७० ते ९० अंशांत वाकवा आणि दोन बिंदूंत १० सेंटिमीटर अंतर ठेवा. सरळ कोपरात नस सैल पडते, त्वचेवर मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि वेग उगाच मंद दिसतो. वेग खरंच मंद असला तरी कोपराच्या वर नस चाचपा. जाड, दुखरी लागली तर कुष्ठरोगाचा विचार व्हायलाच हवा. गडचिरोली-चंद्रपूरकडचा पेशंट असेल तर हे विसरून चालणार नाही.

वेग कमी म्हणजे मायलिन गेलं?

जलद तंतू मेले तरी वेग थोडा उतरतो. मायलिनचा (तंतूंवरच्या आवरणाचा) आजार म्हणण्यासाठी वेग नॉर्मलच्या खालच्या मर्यादेच्या ७५ टक्क्यांहून कमी हवा (हातात साधारण ३८ किंवा त्याखाली, पायात ३०), किंवा डिस्टल लेटन्सी वरच्या मर्यादेच्या १३० टक्क्यांहून जास्त हवी. वेव्ह खूपच लहान असेल तर या आकड्यांवरही भिस्त ठेवू नका. मधुमेही पेशंटच्या पायात वेग ३६ आला म्हणून सीआयडीपी (प्रतिकारशक्तीमुळे होणारा मायलिनचा दीर्घकाळचा आजार) लिहिलं, तर प्रति किलो २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिनचा लाखांचा खर्च त्याच्या गळ्यात पडतो.

लुळा पंजा: मणका की गुडघा

खुरपणी करणारे, फरशी बसवणारे तासन्‌तास उकिडवे बसतात आणि पेरोनियल नस (पंजा वर उचलणारी) गुडघ्याजवळ, फिब्युला या पायाच्या बाहेरच्या हाडाच्या डोक्यापाशी दबते. मणक्यातलं एल-५ मूळ (कमरेतली पाचवी नस) दबलं तरी सेन्सरी वेव्ह नॉर्मलच राहते, कारण इजा गँग्लिऑनच्या (संवेदनेच्या नसपेशींच्या गाठीच्या) अलीकडे, मणक्याच्या बाजूला असते. इतकं बहुतेकांना माहीत असतं. पण फिब्युलापाशी नुसता ब्लॉक असेल तरीही खालची सेन्सरी वेव्ह नॉर्मल येते, म्हणून तेवढ्यावरून मणक्याचं निदान पक्कं करू नका. रेकॉर्डिंग टिबियालिस अँटिरियरवर (नडगीपुढच्या स्नायूवर) घ्या आणि फिब्युलाच्या खाली व वर, दोन्हीकडे उत्तेजन द्या. पावलावरचा छोटा ईडीबी स्नायू चपला-बुटांच्या घर्षणाने निरोगी माणसातही झिजलेला असतो, त्याच्यावर विसंबून राहू नये. शिवाय टिबियालिस पोस्टिरियरमध्ये (पोटरीतल्या खोल स्नायूत) सुई घाला: तो एल-५ चा आहे, पण पेरोनियलचा नाही.

सुई घातल्यावर पेशंट दुखतं म्हणून जोर लावत नसेल तर मोटर युनिट (एका नसपेशीने चालणारे स्नायूतंतूंचे गट) कमी दिसतात, पण ती सावकाशही चालतात. नस खरंच गेली असेल तर उरलेली युनिट भराभर फायर होतात.

तळपायांची आग होणाऱ्या मधुमेहीचा सगळा रिपोर्ट चांगला आला तर खाली नुसतं ‘नॉर्मल’ लिहू नका. ‘मोठ्या तंतूंचा आजार दिसत नाही’ असं लिहा. बारीक तंतू या चाचणीत दिसतच नाहीत.