मुदत संपलेले जॉब : क्यू हाताळताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत्यासाठी, हळदीचा सौदा झाल्यावर शेतकऱ्याला दर एसएमएसने कळवणारी प्रणाली मी सांभाळत असे. प्रत्येक एसएमएस हे एक काम, म्हणजे जॉब; तो क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, थांबे आणि वर्कर नावाचे प्रोग्रॅम तो उचलून पार पाडत. एका संध्याकाळी सगळे वर्कर बंद पडले, सकाळी सुरू झाले आणि कालचे दर ऐन आजच्या सौद्याच्या वेळी लोकांच्या फोनवर पोहोचले. क्यूने एकही जॉब हरवला नव्हता. नेमकी तीच अडचण होती.

मुळातली चूक म्हणजे दोन वेगळ्या मुदतींना एकच समजणे. पहिली मुदत कामाच्या उपयोगाची असते आणि ती टळली की जॉब करण्यात अर्थ उरत नाही. दुसरी मुदत वर्करला दिलेल्या ताब्याची, म्हणजे उचललेला जॉब किती वेळ त्याच्याकडेच राहील याची असते. ती संपली तरी काम शिल्लकच असते, फक्त ते दुसऱ्या वर्करकडे जाते.

ताब्याची मुदत बहुतेक जण मूळ सेटिंगवरच सोडतात. अॅमेझॉन एसक्यूएस या क्लाउडवरील क्यू सेवेत ती ३० सेकंद असते, त्यामुळे दोन मिनिटे चालणारा जॉब पहिला वर्कर राबत असतानाच दुसऱ्याच्या हाती पडतो. यावर सरसकट काही तासांची मुदत देऊन टाकणे हा आळशी उपाय आहे, कारण वर्कर खरोखर मेला तर जॉबही तितके तास अडकून राहतो. मुदत बेताची ठेवून काम चालू असेतो ती वाढवत राहावी आणि तरीही जॉब दोनदा चालू शकतो हे गृहीत धरून, सौद्याच्या क्रमांकासारख्या खुणेवरून दुसरी फेरी ओळखावी. रेडिस या डेटा साठवणाऱ्या प्रणालीवर सेलेरी हे जॉब चालवणारे साधन वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे ही मुदत मुळात १ तासाची असते. त्यापेक्षा उशिराची वेळ दिलेले जॉब पुन्हा पुन्हा वाटले जातात.

उपयोगाची मुदत जॉबसोबत ठरावीक वेळ म्हणून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी. ‘आतापासून दोन तास’ असे लिहिल्यास प्रत्येक पुनर्प्रयत्नात जॉबला नवे आयुष्य मिळते. तपासणीही एसएमएस पाठवण्याच्या अगदी आधी करावी, कारण ती केवळ क्यूवर सोपवणे पुरेसे नाही. रॅबिटएमक्यू या क्यू सॉफ्टवेअरच्या ‘क्लासिक’ प्रकारच्या क्यूमध्ये प्रत्येक संदेशाला (म्हणजे क्यूतल्या जॉबला) वेगळी मुदत दिली, तर मुदत संपलेला संदेश रांगेच्या तोंडाशी आल्यावरच काढला जातो; तोवर तो जागा अडवतो आणि मोजणीतही धरला जातो.

टाकून दिलेल्या जॉबची नोंद मात्र ठेवावीच. त्यासाठी डेड लेटर क्यू, म्हणजे पार न पडलेले जॉब बाजूला ठेवणारी वेगळी रांग, वापरताना एसक्यूएसच्या साध्या क्यूमध्ये संदेशाचे वय मूळ नोंदीपासूनच मोजले जाते, म्हणून तिथली साठवण मूळ क्यूपेक्षा जास्त दिवसांची हवी. कमाल १४ दिवस मिळतात. शिळ्या दराचा एसएमएस खुशाल टाकून द्यावा, पण शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम जमा करणारा जॉब उशीर झाला म्हणून आपोआप रद्द होता कामा नये. तो माणसाच्या नजरेखाली यावा.