मेसेज पोचला म्हणजे मदत पोचली नव्हे: आपत्तीत समन्वय साधताना या चुका टाळा

"चार मजली इमारत, गच्चीवर सात जण, त्यांत एक गरोदर बाई, पाणी वाढतंय, लवकर बोट पाठवा." हा मेसेज आमच्याकडे दुपारी आला आणि अंधार पडायच्या आत ती सातही माणसं सुखरूप बाहेर आली होती. तरी तोच मेसेज रात्री पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चार वेगवेगळ्या ग्रुपमधून आला, कोणीतरी वर 'अर्जंट' लिहिलेला. दुसऱ्या रात्री एक बोट त्याच इमारतीकडे पुन्हा गेली. गच्ची रिकामी होती, आणि त्या दोन तासांत ती बोट दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकली नाही.

यात कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने कळकळीनेच मेसेज पुढे पाठवला होता. फक्त 'सुटका झाली' हे लिहायला आणि सगळ्यांना दिसायला जागा नव्हती. पुराच्या, भूकंपाच्या, आगीच्या वेळी मोबाइल, नकाशे, सामायिक शीट (अनेकांना एकाच वेळी उघडून लिहिता येणारा ऑनलाइन तक्ता) यांच्या जोरावर काम करताना ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक मला याच एका चुकीच्या सख्ख्या बहिणी वाटतात. माहिती येते, पण तिला धनी नसतो आणि शेवटही नसतो.

ग्रुपलाच नियंत्रण कक्ष समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. व्हॉट्सॲपचा ग्रुप बोलायला चांगला, पण काम सोपवायला तो उपयोगाचा नाही. पाच मिनिटांत साठ मेसेज येतात आणि मदतीची हाक वर सरकून दिसेनाशी होते. त्याखाली कोणी अंगठा दाखवला, तर त्याचा अर्थ 'वाचलं', 'मी निघालो' की 'बरं झालं कळवलंत'? दोन पथकं एकाच घरी पोचतात आणि शेजारच्या गल्लीत कोणीच जात नाही, ते यामुळेच.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो: नोंदवही. कागदाची असो वा सामायिक शीटची. एक मागणी म्हणजे एक ओळ आणि तिला एक क्रमांक. मग स्थितीचा रकाना: नवीन, खात्री केली, सोपवली, पथक पोचलं, बंद. 'कोणाकडे' या रकान्यात एकाच माणसाचं नाव हवं. 'वैद्यकीय पथक' असं लिहिलं की काम कोणाचंच राहत नाही. ज्या ओळींत हा रकाना रिकामा आहे, त्या दर अर्ध्या तासाने मोठ्याने वाचून दाखवा.

ओळ बंद करायची ती प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर, वेळ टाकून. आणि बंद झाली की पहिल्यांदा कळवणाऱ्याला फोन करून सांगायचं, "तुमची माणसं बाहेर आली आहेत, आता मेसेज थांबवा." हा फोन करायला कोणाला वेळ नसतो हे मला माहीत आहे. पण जुन्या मेसेजची फिरती त्याच्याइतकी दुसऱ्या कशानेच थांबत नाही, आणि त्या माणसाचा जीव भांड्यात पडतो ते वेगळंच.

कॅलिफोर्नियात १९७० साली लागलेल्या भीषण वणव्यांनंतर तिथल्या अग्निशमन यंत्रणांनी झालेल्या गोंधळाचा अभ्यास केला. वेगवेगळ्या दलांचे रेडिओ जुळत नव्हते, एकाच गोष्टीला प्रत्येकाचा शब्द वेगळा होता, हुकूम कोणाचा मानायचा हे ठरलेलं नव्हतं. त्यातून पुढे 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' घडली, म्हणजे आपत्तीत कोण कोणाच्या हाताखाली काम करणार हे ठरवून देणारी पद्धत. तिचे दोन नियम ग्रुपवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत: सांकेतिक शब्द टाळून साध्या भाषेत बोला, आणि एका माणसाच्या हाताखाली तीन ते सातच माणसं ठेवा. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये सगळेच सगळ्यांना सांगत असतात. तो ग्रुप सूचना देण्यापुरता ठेवा, मेसेज फक्त ॲडमिनलाच टाकता येईल असं सेटिंग करा आणि कामं लहान गटांत वाटा.

सामायिक शीट मध्येच 'बिघडते' तेव्हा

शीट वापरू लागलात की नव्या तक्रारी सुरू होतात. त्या ठरावीक असतात.

नावं आणि फोन नंबर एकमेकांशी जुळेनासे झाले: कोणीतरी एकच रकाना निवडून क्रम लावला आणि बाकीचे रकाने जागेवरच राहिले. गूगल शीट्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास उघडून आधीच्या वेळेवर परत जाता येतं, पण तोवरच्या नव्या नोंदी आधी बाजूला उतरवून घ्या. पुढे प्रत्येकाला स्वतःचा 'फिल्टर व्ह्यू' वापरायला सांगा, म्हणजे एकाने गाळणी लावली तर दुसऱ्याच्या ओळी हलणार नाहीत.

फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य गायब झालं: शीटने नंबरला आकडा समजून शून्य गाळलं. सगळा रकाना आधीच 'साधा मजकूर' करून ठेवायचा. ०३/०४ अशी तारीख एकाला एप्रिल वाटते, दुसऱ्याला मार्च, म्हणून महिना अक्षरात लिहा.

काही जणांना लिहिताच येईना: गूगल शीटमध्ये एका वेळी १०० टॅब किंवा उपकरणांपर्यंतच बदल करता येतात, त्यापुढचे फक्त पाहू शकतात. खरं तर शंभर जणांनी लिहावंच कशाला? नवी मागणी फॉर्ममधून येऊ द्या, शीटमध्ये हात घालणारे पाच-सहाच ठेवा आणि बाकीच्यांना फक्त पाहण्याची लिंक द्या. 'ज्याच्याकडे लिंक तो बदल करू शकतो' असं ठेवलेली शीट कोणाच्या तरी अंगठ्याखाली पुसली जातेच.

एकच घर सहा ओळींत दिसलं: नवी नोंद करण्याआधी फोन नंबर शोधून पाहायची सवय नाही. दुबार ओळी पुसू नका. पहिल्या ओळीचा क्रमांक त्यांत लिहा, कारण सहाव्या फोनवाल्याला कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त माहिती असते.

'लोकेशन पाठवलंय ना!'

पाठवलंय, पण कोणाचं? अडकलेल्या आईसाठी दुसऱ्या शहरातला मुलगा मेसेज करतो आणि घाईत स्वतःचं लोकेशन जोडतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: "हे ठिकाण तुमचं की अडकलेल्यांचं?" व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं आणि मग थांबतं. ते पाहून निघालेल्या पथकाच्या हातात वाटेतच जुना ठिपका उरतो. आल्याबरोबर अक्षांश-रेखांश आकड्यांत नोंदवा. फोटोत ठिकाण दडलेलं असेल या भरवशावरही राहू नका, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती माहिती निघून जाते.

आता आकडे लिहिण्याची गोष्ट, जी शांतपणे माणसं भलतीकडे पाठवते. अक्षांश २७.४५ म्हणजे २७ अंश आणि एका अंशाचा ०.४५ भाग. तोच कोणी रेडिओवरून '२७ अंश ४५ मिनिटं' असा सांगितला तर तो २७.७५ होतो. फरक ०.३० अंशाचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे पथक ३३ किलोमीटर दूर गेलं. आम्ही एकच रीत ठरवली होती: फक्त दशांशात, चार दशांश स्थळांपर्यंत, आधी अक्षांश मग रेखांश. चार स्थळांत साधारण ११ मीटरचा अचूकपणा येतो आणि बोट न्यायला तेवढा पुरतो. ऐकणाऱ्याने आकडे परत म्हणून दाखवायचे. शिवाय एक खूण हवीच: देऊळ, पाण्याची टाकी, शाळेचं फाटक. नकाशा बंद पडला तरी खूण विचारत विचारत जाता येतं.

वेळ न लिहिणं

ज्या फोनला दोन तास रेंज नव्हती, त्याचा मेसेज रेंज आल्यावर सगळ्यांना ताजा वाटतो. "पाणी कमरेपर्यंत" हे कधीचं? म्हणून वेळ मजकुरातच लिहायची, "दुपारी २.१०, पाणी कमरेपर्यंत." मेसेजचा स्क्रीनशॉट पुढे पाठवणं तर पूर्ण बंद करा. त्यातला मजकूर शोधता येत नाही, नंबर उचलता येत नाही, आणि तारीख बहुधा कापली गेलेली असते.

नेटवर्क असेलच असं धरून चालणं

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोतले सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पाडले. ज्या योजनेचं पहिलं पाऊल 'ॲप उघडा' असं असेल, ती अशा वेळी पहिल्या पावलालाच अडते. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, हार्वी वादळाच्या पुरात टेक्सासमधल्या स्वयंसेवकांनी झेलो हे वॉकीटॉकीसारखं ॲप खूप वापरलं आणि त्याचा उपयोगही झाला. मग इर्मा वादळाच्या तोंडावर अफवा पसरली की झेलो इंटरनेटशिवाय चालतं. शेवटी कंपनीलाच खुलासा करावा लागला की त्याला वाय-फाय किंवा मोबाइल डेटा लागतोच.

तेव्हा आपल्या प्रत्येक साधनाला फ्लाइट मोडमध्ये टाकून पाहा. काय उरतं? नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर उरतो. कोबोटूलबॉक्ससारख्या साधनात भरलेला फॉर्म फोनमध्ये साठून राहतो आणि रेंज आल्यावर पुढे जातो. शीट बहुधा उरत नाही, म्हणून दर दोन तासांनी तिची छापील प्रत काढायची. रेंज अगदी अंधुक असेल तर फोन लावत बसण्यापेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त. बॅटरी वाचते ती वेगळी.

एकाच जागेवर सगळं ठेवणं हीसुद्धा हीच चूक. न्यूयॉर्क शहराचं आपत्कालीन केंद्र वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सात क्रमांकाच्या इमारतीत २३व्या मजल्यावर होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी, त्याची सर्वाधिक गरज असताना, ते रिकामं करावं लागलं आणि संध्याकाळी ती इमारत कोसळली. आपलं केंद्र एवढं मोठं नसेल, पण सगळं एकाच लॅपटॉपमध्ये असेल तर धोका तोच.

किल्ली एकाच्याच खिशात

१३ जानेवारी २०१८ च्या सकाळी हवाई बेटांवरच्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा झळकला. तो चुकून गेला होता, पण फोनवर दुरुस्तीचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. चुकीचा इशारा मागे घेणारा मजकूर तयारच नव्हता. इशारा खोटा असल्याचं राज्यपालांना दोन मिनिटांत कळलं होतं, पण ट्विटरवर सांगायला त्यांना स्वतःच्या खात्याचा पासवर्ड आठवत नव्हता. ही कबुली त्यांनीच नंतर दिली.

हे वाचल्यापासून मी प्रत्येक गटाला तीनच गोष्टी विचारते. खात्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोन पाण्यात पडला तर? ग्रुपचा ॲडमिन झोपला असेल तर दुसरा कोण? आणि "आधीची सूचना चुकीची होती" हा मजकूर आत्ता, या क्षणी, कुठे लिहून ठेवलाय?

वाचायला माणूस नसताना नंबर जाहीर करणं

हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाल्यावर ४६३६ हा एसएमएस क्रमांक लोकांसाठी सुरू झाला. मेसेज बहुतेक क्रेओल भाषेत येत आणि बाहेरच्या बचाव पथकांना ती कळत नव्हती. जगभर पसरलेल्या हैतीच्या माणसांनी ते मेसेज भाषांतरित केले, ठिकाणं ओळखून दिली. त्याच वेळी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाच्या स्वयंसेवकांनी उपग्रह छायाचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचे रस्ते नकाशावर उतरवले. आजही हे आठवलं की ऊर भरून येतो. पण ते जमलं, कारण मेसेज वाचणारी, ती भाषा आणि ती गल्ली ओळखणारी माणसं मागे उभी होती. नुसता नंबर जाहीर करून मागे दोनच जण बसवले तर आपण लोकांना खोटी आशा देतो. हाक ऐकली गेली असं समजून ती माणसं दुसरीकडे हाक मारायचं थांबवतात.

नंबर द्यायच्या आधी स्थानिक प्रशासन आणि बचाव दलाशी बोलून घ्या: त्यांना माहिती कशी हवी, किती वेळाने हवी, तिकडून घेणारा कोण. त्यांच्या कामात न बसणारा सुंदर नकाशा कोणी उघडत नाही.

यादी सगळ्यांसाठी उघडी ठेवणं

'एकटी वृद्ध महिला, दुसरा मजला, घराला कुलूप नाही' ही ओळ बचाव पथकाला हवी असते. चोरालाही तीच हवी असते. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीवर सायबर हल्ला झाला आणि ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. त्यांत युद्ध, आपत्ती आणि स्थलांतरात घरच्यांपासून ताटातूट झालेली माणसं होती. एवढ्या अनुभवी संस्थेवर ही वेळ येते, तर आपली लिंकवाली शीट कुठे टिकणार? जाहीर नकाशावर फक्त भाग आणि गरज दाखवा. नाव, नंबर, आजार हे आतल्या यादीत ठेवा, आणि यादी कोणत्या तारखेला पुसायची हे पहिल्याच दिवशी ठरवा.

पाळी बदलताना

बारा तास स्क्रीनसमोर बसलेला माणूस 'सोपवली' आणि 'बंद' यांत गल्लत करतो. मीही केली आहे. म्हणून पाळी बदलताना जुन्या आणि नव्या माणसाने पंधरा मिनिटं शेजारी बसायचंच, बाहेर कितीही धावपळ असो. उघड्या ओळी एकेक करून वाचायच्या आणि प्रत्येकीवर नव्या माणसाने स्वतःचं नाव लिहायचं. ज्या ओळीबद्दल जुना माणूस "झालं असेल बहुतेक" म्हणतो, तिथे थांबून त्याच क्षणी फोन लावायचा.