कोंबडी कोपऱ्यात बसली की आधी औषध शोधू नका : या चुका टाळा

"ताई, कोंबडी कालपासून कोपऱ्यात बसलीय, काय देऊ?"

असा फोन आला की मी विचारते, तुरा कसा दिसतोय? विष्ठा कशी आहे? गळ्याच्या बुडाशी हात लावून पाहिलास का, पिशवीत दाणे आहेत का? पलीकडे काही क्षण कुणी बोलत नाही. मग पुन्हा तेच, "पण औषध कुठलं आणू?"

कोंबडी न बघताच औषध विचारायचं, पहिली चूक हीच. कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचून हैराण करतात, म्हणून ती इतरांबरोबर फिरत राहते, खात नसली तरी दाण्यावर चोच मारते. भर दुपारी पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून बसलेली दिसली, तर बहुतेक वेळा ते दुखणं आजचं नसतं. आपल्याला दिसलं आज, एवढंच.

"खुडूक बसली असेल"

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. या वाक्याची मला भीती वाटते, कारण मीही ते एकदा मानलं होतं. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझी एक तांबडी कोंबडी डालग्यात बसून राहिली. घरातले म्हणाले खुडूक आहे, मीही पुढे पाण्याची वाटी सरकवली आणि कामाला लागले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उचलायला हात घातला आणि मनात चर्र झालं, कारण तिने चोच मारली नाही. शेपटी खाली पडलेली, शेपटीखालचा भाग श्वासागणिक आतबाहेर होत होता आणि पोटाला खालून हात लावला तर एक घट्ट गोळा. अंडं अडकलं होतं. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला वीस मिनिटं पोटापर्यंत बसवलं, बाहेरून तेल लावलं, अंधाऱ्या उबदार जागी ठेवलं. संध्याकाळी मऊ कवचाचं अंडं पडलं. पण ती इतकी थकली होती की पहाटेपर्यंत गेली. पहिल्याच दिवशी उचलून पाहिलं असतं तर ती बहुधा वाचली असती.

खुडूक कोंबडीला हात लावा, ती फुगते, गुरगुरते, टोचते. डोळे लख्ख असतात. दिवसातून एकदा-दोनदा उतरते, घाईने खाते, मोठी आणि घाण वासाची विष्ठा टाकते आणि परत बसते. आजारी कोंबडी मुकाट उचलू देते. उभी राहिली आणि अंग सरळ ताठ, पाय फाकलेले, शेपटी खाली, असं दिसलं तर आधी अडकलेल्या अंड्याचा संशय घ्या. आतलं अंडं दाबून फोडू मात्र नका, कवचाने आत जखम होते. शेकूनही त्याच दिवशी अंडं पडलं नाही तर थेट डॉक्टर.

माझी चूक दाण्यातही होती. मी कण्या, मक्याचा भरडा आणि उरलंसुरलं अन्न यावरच भागवत होते. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. आता खुराड्यात शिंपल्यांच्या चुऱ्याची वेगळी वाटी बारा महिने असते. जिला हवं ती खाते.

पाण्यात पूड टाकून मोकळं होणं

दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणायची, चिमूटभर पाण्यात टाकायची आणि दोन दिवसांत अंड्याची वाट बघायची. या घाईचा मला मनापासून राग येतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा आजार. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, पंख लोंबणं, मान पिळवटणं, हे दिसू लागल्यावर हातात उरतं ते वेगळं ठेवणं आणि डॉक्टरला कळवणं. पिल्लांची रक्ताची हगवण बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे असते, तिचं औषध निराळं. शिवाय आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, म्हणजे औषध जातं निरोगी कोंबड्यांच्या पोटात आणि त्यांच्या अंड्यांतून आपल्या मुलांच्या ताटात.

मानमोडीवर उपाय लसच. पिल्लं 5 ते 7 दिवसांची असताना लासोटा नावाची लस, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी नावाची. कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या गल्लीत सगळ्यांनी मिळून एक सकाळ ठरवायची, असा मी हट्ट धरते.

आता बाकीच्या चुका. पिसं झडली म्हणजे आजार नव्हे. वर्षातून एकदा कात टाकल्यासारखी ती पिसं बदलते, तेव्हा अंडीही थांबतात. डोळे तेज असतील, खाणं चालू असेल तर तिला सोडा. मधूनच पडणारी तपकिरी चिकट विष्ठा म्हणजे हगवण नव्हे, ती रोजचीच. तुरा निळसर-जांभळा पडला तर मात्र वेळ दवडू नका. आणि एका दिवसात तीन-चार पटापट मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती कोंबड्या माराव्या लागल्या, हे आपल्या राज्याने पाहिलंय.

एक कोंबडी मलूल दिसली की उरलेल्या आठवडी बाजारात विकून टाकणारे लोक आहेत. दिसायला चांगली कोंबडीही रोग घेऊन जाते आणि दुसऱ्याचं खुराडं रिकामं करते. हे करू नका. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही मी तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवते. तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करते आणि मग हात धुते.

माझी रोजची सवय दिवेलागणीची. सगळ्या दांडीवर बसल्या की दार लावण्याआधी दोन मिनिटं अंधारात नुसती उभी राहते. शांततेत घरघर, शिंक लगेच ऐकू येते. मग एकेकीच्या गळ्याखाली हात. पिशवी भरलेली हवी. रिकामी लागली तर ती दिवसभर जेवली नाही. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ती कधीपासून झिजतेय. सकाळी दार उघडल्यावर शेवटी कोण बाहेर येते तेही बघते. जिच्याबद्दल शंका वाटते तिच्या पायात लाल दोरा बांधते आणि सकाळी तिची पिशवी पुन्हा तपासते. रात्रीत ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही तशीच टम्म किंवा पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागली, तर दाणा बंद, पाणी चालू, आणि दवाखाना उघडला की तिला घेऊन तिथे.