शोभेचं गवत मधूनच वाळतंय? या चुका टाळा

बाहेरून वाळ्याचा ठोंब हिरवागार दिसतो. पानं बाजूला सारून बघा, मध्ये करडा, कोरडा गोल पडलेला असतो. पाणी कमी पडलं असं समजून आपण आणखी पाणी घालतो, पण कारण वेगळंच असतं. नवे फुटवे कडेने येतात, मधले जुने होतात आणि वाळक्या पानांच्या गर्दीत त्यांना ऊन मिळत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेला गवती चहा मात्र रोज पान तोडल्यामुळे मोकळा राहतो.

म्हणून वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, ठोंबाला सुतळीने घट्ट बांधा आणि धारदार विळ्याने जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. बांधल्यामुळे पेंढी सरळ हातात येते. हातमोजे घालाच, पानांच्या कडा बोटं चिरतात. दोन-तीन वर्षांनी पहिला पाऊस पडला की ठोंब उपटून मधला मेलेला भाग टाकून द्या. कडेचे तीन-चार फुटव्यांचे तुकडे मुळांसकट वेगळे लावा. जिथून फुटवे निघतात तो भाग मातीच्या पातळीलाच ठेवा, खोल पुरला तर पावसाळ्यात कुजतो.

पानं लोळायला लागली की लोक काठीचा आधार देतात. आधी ऊन तपासा. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं, सावलीत गवत लांबट आणि लुळं होतं. युरियानेही असंच होतं. पावसाळ्याच्या तोंडावर ओंजळभर शेणखत वर्षभराला पुरतं.

वाळ्याची चूक मी स्वतः केली, बाल्कनीतल्या उथळ कुंडीत लावला. त्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. कुंडीत ती गोल फिरून गच्च झाली आणि पाणी वरून ओतलं की तसंच बाहेर यायचं. दीड-दोन फूट खोल पिंप किंवा ग्रो-बॅग घ्या.

फाउंटन ग्रास, म्हणजे कारंज्यासारखं झुकणारं तुऱ्यांचं शोभेचं गवत, याबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन: हिरवं घेऊ नका, जांभळं घ्या. हिरव्याचं बी वाऱ्यावर पसरतं. मूळचं आफ्रिकेतलं हे गवत अमेरिकेतल्या हवाई बेटांवर उपद्रवी ठरलं आहे आणि आपली माळरानं आधीच आक्रसलेली आहेत. जांभळ्या जातीला रुजणारं बी जवळपास धरत नाही. हिरवं आधीच लावलं असेल तर तुरे पिकण्याआधी कापून पिशवीत बंद करा, कंपोस्टमध्ये टाकू नका.