कविता आणि बदललेले छायाचित्र : स्वप्न मांडताना या चुका टाळा

स्वप्न किंवा गूढानुभव मांडण्यासाठी कविता आणि बदललेले छायाचित्र एकत्र आणण्याचा प्रयोग बहुधा एकाच ठिकाणी फसतो: कवितेत जे सांगून झाले आहे, तेच चित्रात पुन्हा दाखवले जाते. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातली मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. ही प्रतिमा संगणकावर जशीच्या तशी जोडून दाखवली तर हाती केवळ करामत लागते, कारण त्या ओळीचे सारे बळ ती डोळ्यांपुढे पूर्ण उभी राहत नाही यातच आहे. त्याऐवजी भर उन्हातल्या एखाद्या रिकाम्या ओसरीचे छायाचित्र घेऊन त्यातील खांबांच्या सावल्या तेवढ्या पुसून टाकाव्यात. मग सूर्य गेल्याचे वाचकाला स्वतःच उमगते आणि तो ओळीकडे परत वळतो.

धुके, निळसर छटा आणि अस्पष्ट कडा म्हणजे स्वप्न, हा समजही सोडायला हवा. स्वप्नातल्या वस्तू पुष्कळदा लख्ख दिसतात, बिघडलेला असतो तो त्यांचा परस्परसंबंध. जेरी युल्समन (१९३४–२०२२) या अमेरिकी छायाचित्रकाराने डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रे) वापरून वेगवेगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर उतरवल्या. मुळांसकट अधांतरी तरंगणारे त्याचे झाड विश्वसनीय वाटते, कारण त्यात धूसर असे काही नाही. अशा जोडकामात प्रकाशाची दिशा आणि क्षितिजाची उंची जुळली नाही, तर चित्र स्वप्नवत न वाटता कापून चिकटवल्यासारखे दिसते, आणि हा दोष नंतर झाकण्यापेक्षा दोन्ही छायाचित्रे एकाच वेळच्या उन्हात टिपणे कितीतरी सोपे असते.

दोन प्रतिमा एकमेकींवर चढवल्यावर सगळे राखाडी आणि मळकट झाले, ही तक्रार नेहमी ऐकू येते. वरच्या थराची अपारदर्शकता निम्मी केली की दोन्ही चित्रांची सरासरी निघते आणि काळे-पांढरे टोकाचे भाग नाहीसे होतात, हे त्याचे कारण. डबल एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकाच चौकटीवर दोनदा छायाचित्र घेताना, दुसरी प्रतिमा पहिलीच्या गडद भागातच उमटते, उजळ भागात ती विरून जाते. म्हणून पहिले चित्र उजळ आकाशापुढच्या काळ्या आकृतीचे असावे. कॅमेऱ्यातच दोन्ही घ्यायची असतील तर प्रत्येक एक्स्पोजर साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या प्रकाशाचे ठेवावे. संगणकावर हाच परिणाम 'स्क्रीन' या ब्लेंड मोडने (थर एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने) मिळतो.

जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली, उन्हात निळे चित्र उमटवणारी सायनोटाइप पद्धत या कामासाठी अनेकांना आवडते, मात्र चित्र धुताना निळा रंग वाहून गेला तर बहुतेक वेळा ऊन कमी पडलेले असते. पाणी क्षारीय असल्यासही निळा फिका होतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्याने फरक पडतो.

खरी हेळसांड होते ती अक्षरांची. देवनागरी मजकुरात अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर पडत असेल, तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा आणि मजकूर नव्या थरावर पुन्हा टाइप करावा. बारीक फॉन्ट खडबडीत पोतावर मात्रा गमावतो. छायाचित्रात शांत, एकरंगी जागा नसेल तर कविता त्यावर न छापता समोरच्या कोऱ्या पानावर द्यावी.