नोटगेल्टवरचं चित्र वाचण्याआधी अक्षरं वाचा

‘नोटगेल्ट’मधली ‘नोट’ ही आपली नोट नव्हे. जर्मनमध्ये ‘नोट’ म्हणजे अडचण, निकड आणि ‘गेल्ट’ म्हणजे पैसा; थोडक्यात, अडचणीच्या काळातला तात्पुरता कागदी पैसा. पहिल्या महायुद्धात सुटी नाणी गायब झाली, तेव्हा गावांनी, कारखान्यांनी हे कागद छापले. ऑस्ट्रियात 1920 साली तर लहानसहान गावांनीही छापले.

चित्र सुंदर असलं की आपण तिथंच अडकतो. आधी मजकूर बघा. ‘हेलर’ हे सुट्या पैशाचं नाव दिसलं तर ऑस्ट्रिया, ‘फेनिग’ असेल तर बहुधा जर्मनी. ‘गुटशाइन’ म्हणजे देणं कबूल करणारी पावती. ‘ग्युल्टिश बिस’ याच्यापुढे वैधतेची तारीख असते. जुन्या गॉथिक लिपीत शब्दाच्या मधला ‘एस’ थेट ‘एफ’सारखा दिसतो, तिथं हमखास फसायला होतं.

मग चित्र. एखाद्या नोटेवर बासरीवाला आणि उंदीर असतील, तर ती जर्मनीतल्या हामेल्नची असण्याची शक्यता मोठी, कारण बासरीवाल्याची गोष्ट तिथलीच. नाउम्बुर्गच्या नोटांवर काळ्या सावल्यांसारखी मुलं दिसतात: 1432 साली हुसाइट (बोहेमियातल्या यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या) सैन्याने घातलेला वेढा मुलांनी विनवणी करून उठवायला लावला, ही तिथली दंतकथा. मुलांना चेरी मिळाल्या म्हणे, म्हणून चेरीचा उत्सव. बीलेफेल्डने तर रेशमावर आणि तागाच्या कापडावर छापलं, कारण शहराचा धंदाच कापडाचा.

1921च्या सुमाराचे रंगीत संच मुख्यतः संग्राहकांना विकायलाच छापले होते. त्यामुळे नोट कोरी करकरीत आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. मला घड्या पडलेली, मळकी नोटच जास्त आवडते. ती खरंच कुणाच्या तरी खिशात होती. पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं मात्र टाळा, कागदावर चिकट डाग पडतात.